हात न टेकता उठता यावं म्हणून
(सामुदायिक रेडिओवरील ‘आरोग्याच्या गप्पा’मधलं भाषण)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम सांगते. तुम्ही जमिनीवर बसून ऐकत असाल तर एकदा उठून उभ्या राहा. घाई करू नका. उठताना आपले हात काय करतात, तेवढं बघा.

काहीजणी सहज उठल्या असतील. कुणी गुडघ्यावर हात दाबून उठली असेल, कुणी भिंत धरली असेल, कुणी शेजारणीचा खांदा. आणि एखादी आजी म्हणाली असेल, “नको गं बाई, मी बसलेलीच बरी.”

आज मला याच उठण्याबद्दल बोलायचं आहे. विषय आहे उतारवयातला योग. योग म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती टीव्हीवरची लवचिक बाई, पाय मानेमागे घेतलेली. ती आसनं आपल्याला करायची नाहीत. साठी-सत्तरीच्या बाईसाठी योगाचं पहिलं काम एकच आहे: तिला स्वतःचं स्वतः उठता यावं, चालता यावं, न्हाणीत जाता यावं आणि तोल जाऊन ती पडू नये.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. अडुसष्ट वय. तोपर्यंत कधी दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. एका पहाटे हातात तांब्या घेऊन मोरीतून बाहेर येताना उंबऱ्याला पाय अडला आणि ती कुशीवर पडली. उंचावरून नाही, धावताना नाही, चालता चालता पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. पण नंतर ती अंगणाच्या पुढे कधी गेली नाही. पडण्याची भीती बसली. भीतीने चालणं कमी झालं, चालणं कमी झालं तसे पाय आणखी बारीक झाले. मला आजही वाटतं, तिच्या पायांत आणि तोलात थोडी ताकद आधीच घालता आली असती तर? तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून सांगते.

वयानुसार काय होतं?

तिशी-चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. साठीनंतर ते जास्त जाणवतं, विशेषतः मांड्यांमध्ये. बसल्या जागेवरून उठवणारा मोठा स्नायू मांडीच्या पुढच्या बाजूला असतो. तो अशक्त झाला की हात गुडघ्यावर जातो.

दुसरी गोष्ट हाडांची. पाळी जाईपर्यंत शरीरातली काही द्रव्यं आपल्या हाडांची राखण करतात. पाळी गेली की ती कमी होतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणून म्हातारपणी खुबा, मनगट आणि पाठीचे मणके मोडण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असतं. ज्या बाईची गर्भपिशवी तरुणपणीच बीजकोषांसकट काढली आहे, तिची हाडं तर आणखी लवकर ठिसूळ होऊ शकतात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी तिशी-पस्तिशीतच काढलेली आहे. त्यांनी साठीची वाट बघू नये. हे सगळं त्यांच्यासाठी आत्तापासूनच आहे.

तिसरी गोष्ट तोलाची. तोल आपण तीन जागांहून सांभाळतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-घोटे. मोतीबिंदू झाला की डोळे कमी पडतात. साखरेच्या आजाराने तळपाय बधिर झाले की जमीन नीट कळत नाही. मग अंधारात, ओल्या फरशीवर, गोठ्यातल्या शेणावर पाय सरकला की सावरायला वेळ मिळत नाही.

यातल्या प्रत्येक गोष्टीवर थोडा का होईना, इलाज आहे. स्नायू सत्तरीतही वाढतो. तोल सत्तरीतही शिकता येतो. लहान मूल पडत-उठत चालायला शिकतं, तसंच हेही सरावानेच येतं.

“आम्ही राबतो की, मग योग कशाला?”

हा प्रश्न मला प्रत्येक गटात येतो आणि तो बरोबर आहे. जन्मभर खुरपलं, भारे वाहिले, हंडे आणले, जात्यावर दळलं. या बाईला व्यायाम कमी पडला असं कोण म्हणेल?

पण दोन गोष्टींचा विचार करा. पहिली, कामात शरीर सारखं त्याच त्याच तऱ्हेने वाकतं. खुरपताना पुढे, भाकरी करताना पुढे, धुणं धुताना पुढे. छाती उघडून मागे होणं, हात पूर्ण वर ताणणं, एका पायावर शांत उभं राहणं, हे कामात होत नाही. त्यामुळे कंबर शिणते, खांदे पुढे येतात आणि तोल मात्र वाढत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साठीनंतर काम अचानक सुटतं. घरात सून येते आणि प्रेमाने म्हणते, “आत्याबाई, तुम्ही बसा. मी करते.” लेक म्हणतो, “आता आराम कर.” पाणी हातात येतं, ताट पुढ्यात येतं, जमिनीवरची बाई खाटेवर जाते. हा मान आहे आणि तो मिळायलाच हवा. पण चाळीस वर्षं दिवसातून पन्नासदा उठबस करणारी बाई आता चार-पाच वेळाच उठते. स्नायूला मान कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आता आपलं काम संपलं.

म्हणून सुनांना माझी विनंती: सासूबाईंचं जड काम घ्या, पण त्यांची उठबस काढून घेऊ नका.

भिंत आणि खुर्ची धरली तरी तो योगच

काही आज्या म्हणतात, “भिंत धरून केलं तर तो कसला योग?” पतंजलींनी योगसूत्रांत आसनाची जी व्याख्या दिली, तिचा अर्थ एवढाच आहे की ज्यात शरीर स्थिर राहतं आणि सुख वाटतं ते आसन. त्यात कुठेही अंग पिळण्याची अट नाही.

योगाकडे डोळसपणे बघण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रातच झालं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. आसन-प्राणायामाने शरीरात खरोखर काय घडतं, ते यंत्रांनी मोजून बघायला त्यांनी सुरुवात केली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ पासून शिकवू लागले. लहानपणी ते स्वतः फार आजारी असत. पुढे त्यांनी भिंत, खुर्ची, दोरी, पट्टा, लाकडी ठोकळे आणि लोड यांचा आधार घेऊन आजारी आणि वयस्क माणसांनाही आसनं करता येतील अशी पद्धत बसवली. त्यांनी स्वतः नव्वदीनंतरही सराव सोडला नाही. २०१४ साली, पंचाण्णव वर्षांचे असताना ते गेले.

तेव्हा भिंत धरायला लाजू नका. आणि आपल्या घरात भिंत, खाट, ओटा, गोधडी, उशी हे सगळं आहेच. विकत काही आणायचं नाही.

अभ्यासात काय दिसलं?

ऐकीव गोष्टी पुष्कळ असतात, म्हणून दोन अभ्यासांबद्दल सांगते. २०१९ साली व्यायामाच्या शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. त्यात साठीपुढची तेवीस हजारांवर माणसं होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणजे जिथं शंभर वेळा पडणं झालं असतं, तिथं साधारण सत्त्याहत्तर वेळा झालं. फायदा जास्त करून तोलाच्या आणि उठबशीच्या व्यायामांचा होता. ही तपासणी सगळ्या तऱ्हेच्या व्यायामांची होती, एकट्या योगाची नव्हे.

त्याच वर्षी साठीपुढच्या माणसांवरच्या योगाच्या २२ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांचा तोल सुधारला, पायांची ताकद आणि लवचिकपणा वाढला, झोप सुधारली आणि मनाची उदासी कमी झाली.

या दोन्हींतून आपण काय घ्यायचं? नुसतं बसून नाक धरलं तर मन शांत होईल, पण मांडीत ताकद येणार नाही. उभं राहून आणि उठबस करून जे केलं जातं, तेच पायांना लागतं. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्या माणसांना सांगते की आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करा.

सुरू करण्याआधी स्वतःची परीक्षा

भिंतीला टेकवून एक पक्की खुर्ची ठेवा. प्लॅस्टिकची हलकी नको. तिच्यावर बसा, हात छातीवर दुमडून घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. शेजारी एकजण उभी असू द्या.

साठ ते चौसष्टच्या बाईला १२ वेळा तरी जमावं. पासष्ट ते एकोणसत्तरला ११, सत्तरपासून एकोणऐंशीपर्यंत १० आणि ऐंशी ते चौऱ्याऐंशीला ९. हे आकडे अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेने वापरात आणलेल्या परीक्षेतले आहेत. यापेक्षा कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त समजायचा. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका. ती तुमची सुरुवातीची खूण. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

रोजचा वीस-पंचवीस मिनिटांचा सराव

जेवणानंतर दोन-तीन तास गेलेले असावेत. पायांत मोजे नकोत. साडीच्या निऱ्या वर खोचा. नऊवारी असेल तर उत्तमच. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने आणि चालू. पूर्ण सरावात एक नियम पाळा: श्वास कुठेही रोखायचा नाही.

पहिलं, सांधे मोकळे करणं. खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला बसा. पायाची बोटं आत-बाहेर करा. घोटे दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा फिरवा. एकेक पाय गुडघ्यात सरळ करा, पाच मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. खांदे वर उचला आणि मागून खाली सोडा.

दुसरं, उठबस. त्याच खुर्चीवर थोडं पुढे सरका. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन्ही पायांत वीतभर अंतर. छाती पुढे झुकवा आणि श्वास सोडत उठा. बसताना धपकन बसू नका. चार मोजत हळूहळू बसा. खरी ताकद या हळू बसण्यात मिळते. सुरुवातीला पाच वेळा करा. हात लागत असतील तर लावा. दर आठवड्याला एक-दोन वाढवत दहापर्यंत न्या.

तिसरं, ताडासन. भिंतीकडे तोंड करून एक हात अंतरावर उभ्या राहा, तळवे भिंतीवर. शरीराचं वजन दोन्ही पावलांवर सारखं. आता टाचा वर उचला, तीन मोजा, हळू खाली ठेवा. असं आठ-दहा वेळा. पोटऱ्या आणि घोटे याने तयार होतात. दगडावर पाय वाकडा पडला तर सावरतात तेच.

चौथं, वृक्षासन, आपल्या पद्धतीने. भिंतीला बाजू करून उभ्या राहा, भिंतीकडचा हात टेकवा. बाहेरच्या पायाची टाच आतल्या पायाच्या घोट्याला लावा, बोटं जमिनीवरच राहू द्या. समोर एका जागी नजर ठेवून दहा मोजा. मग वळून दुसरा पाय. पाऊल मांडीपर्यंत नेण्याची गरज नाही. पंधरा दिवसांनी हाताऐवजी दोन बोटं टेकवा. पण भिंत हाताच्या अंतरावर कायम असू द्या.

पाचवं, ओट्याचा ताण. ओट्यावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवा आणि पावलं मागे नेत जा. पाठ सरळ ठेवून कमरेतून झुका. गुडघे थोडे वाकले तरी चालतील. पाच श्वास थांबा. मग हळूहळू पावलं पुढे आणत उभ्या राहा. जन्मभर वाकलेल्या पाठीला आणि खांद्यांना याने बरं वाटतं.

सहावं, सेतुबंध. खाटेवर किंवा सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे दुमडलेले, तळपाय टेकलेले. श्वास सोडत ढुंगण जमिनीपासून चार बोटं वर उचला, तीन मोजा, खाली ठेवा. सहा-आठ वेळा. मांडीची मागची बाजू आणि कंबर याने बळकट होते.

सातवं थोडं लाजेचं, पण बोलते. खोकताना, हसताना, शिंकताना थेंब थेंब लघवी होते, अशा किती बायका आपल्यात आहेत! कुणी कुणाला सांगत नाही. त्यापायी बायका लग्नाला जात नाहीत, एसटीत बसत नाहीत, पाणी कमी पितात. बाळंतपणांनी आणि वयाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात, त्याने हे होतं. झोपून किंवा बसून, लघवी थोपवताना जसं आत ओढतो तसं आत ओढा, पाच मोजा, पूर्ण सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. योगातल्या मूलबंधाशी हे मिळतंजुळतं आहे. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नका. फरक दिसायला तीनेक महिने लागतात, धीर धरा.

आठवं, श्वास आणि विसावा. पाठ टेकून सुखाने बसा. खाली बसवत नसेल तर खुर्चीवर. एका नाकपुडीने घ्या, दुसरीने सोडा, मग उलट. घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ द्या. पाच मिनिटं. मग भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं, पाच वेळा. शेवटी गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी घेऊन शवासन. रात्री झोप लागत नाही अशी तक्रार असेल, तर श्वास आणि शवासन झोपण्याआधीही करा.

पडलात तर उठायचं कसं, तेही शिका

हा सरावाचाच भाग आहे, पण आठवड्यातून एकदा आणि दुसरी कुणी जवळ असतानाच करा.

सतरंजीवर झोपा. आधी कुशीवर वळा. वरचा हात छातीसमोर टेकवून कोपरावर या. मग दोन्ही हात आणि दोन्ही गुडघ्यांवर या, मार्जारासनात असतो तसं. गुडघ्यांखाली गोधडी घ्या. रांगत खाटेजवळ जा. दोन्ही हात खाटेवर ठेवा. ज्या पायात जास्त बळ, त्याचं पाऊल पुढे टेकवा. हात आणि तो पाय दाबून वर या, वळा आणि खाटेवर बसा. मिनिटभर बसूनच राहा.

आमच्या एका गटातल्या बहात्तर वर्षांच्या आजी हे शिकताना हसत होत्या, “रांगायला लावलंस गं मला!” चार महिन्यांनी त्या गोठ्यात घसरल्या. घरात कुणी नव्हतं, सगळे शेतात. लागलं नव्हतं, पण पूर्वी असतं तर संध्याकाळपर्यंत तिथंच पडून राहिल्या असत्या. त्या रांगत दावणीपर्यंत गेल्या, दावण धरली आणि उठल्या. पुढच्या बैठकीत त्यांनीच सगळ्यांना रांगायला लावलं.

एक लक्षात ठेवा. खरोखर पडल्यावर खुबा, पाठ किंवा मांडी फार दुखत असेल, पाय उचलत नसेल, डोक्याला मार लागला असेल, तर उठायचा प्रयत्न करू नका. हाक मारा. १०८ नंबरची गाडी बोलवा.

कुणी काय टाळायचं?

टीव्ही बघून केलेल्या योगाने दुखणं घेऊन आलेल्या बायका मला भेटतात, म्हणून हे नीट ऐका.

रक्तदाब जास्त असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर जोरजोराची कपालभाती आणि भस्त्रिका नको, श्वास रोखणं नको, डोकं खाली जाईल असं आसन नको.

काचबिंदू असेल तर डोकं खाली करायचं नाही. डोळ्यातला दाब वाढतो.

हाडं ठिसूळ असतील, उंची कमी झाली असेल, पाठीला पोक आलं असेल, तर पायाची बोटं धरायला वाकू नका आणि कंबर जोरात पिळू नका. मणका चेपू शकतो.

गुडघे झिजले असतील तर वज्रासन आणि मांडी घालण्याचा हट्ट नको. खुर्चीवर करा.

अंग बाहेर येत असेल किंवा हर्निया असेल तर पोटाला झटके देणारं काही नको. दवाखान्यात दाखवा. लाजेने वर्षानुवर्षं अंगावर काढू नका.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर अगदी उपाशीपोटी व्यायाम नको. आधी थोडं खा आणि जवळ साखर किंवा गूळ ठेवा. हात थरथरले, घाम सुटला तर लगेच तोंडात टाका. रोज रात्री तळपाय तपासा.

छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, तर तिथंच थांबा. बसून राहिल्यावरही छातीतलं दुखणं थांबलं नाही तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. योग करते म्हणून बीपीची, साखरेची गोळी मनाने बंद करायची नाही. गोळी कमी करायची की नाही, ते तपासून डॉक्टर ठरवतील. ऑपरेशन झालेलं असेल किंवा आजार असेल, तर सुरुवात त्यांना विचारूनच करा.

घरही सुधारा

नुसत्या सरावाने भागत नाही. न्हाणीपर्यंत रात्री एक बारीक दिवा राहू द्या. मोरीची फरशी घासून शेवाळ काढा. न्हाणीत आणि संडासात धरायला लोखंडी दांडी बसवून घ्या. गावचा वेल्डर थोडक्या पैशांत करून देतो. झिजलेल्या स्लिपरा फेकून द्या. उंबऱ्यावर पांढरा किंवा पिवळा पट्टा ओढा, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यालाही तो कळेल. रात्री जाग आली की ताडकन उठू नका. आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उभ्या राहा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं. डोळ्यांची तपासणी लांबवू नका.

गटात करा

एकटीने सुरू केलेलं आठ दिवसांत सुटतं. मुलं हसतात, घरधनी म्हणतात, “हे काय नवीन खूळ?” म्हणून गटात करा. आठवड्यातून तीन दिवस, समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर. दोघी-दोघींच्या जोड्या लावा. एक करेल, दुसरी जवळ उभी राहील. बचत गटाची वही असते तशीच उठबशीची वही ठेवा आणि महिन्यातून एकदा ३० सेकंदांची परीक्षा घ्या. आठ वेळा उठणारी बाई तीन महिन्यांनी अकरा वेळा उठली, तर ती गटाची कमाईच की. गावच्या आरोग्य उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, योगाचे वर्ग घेण्याची तरतूद आहे. आशाताईंना विचारा, त्यांना गटात बोलवा आणि सगळ्यांचा रक्तदाबही मोजून घ्या.

दरवर्षी २१ जूनला योगदिन होतो. शाळेच्या मैदानावर सतरंज्या अंथरतात, मुलं आसनं करतात. पुढच्या योगदिनी मागच्या बाजूला खुर्च्यांची एक रांग लावायला सांगा. त्या रांगेत गावातल्या आज्या बसू द्या, आणि हात न टेकता उठू द्या.

आता रेडिओ बंद करण्याआधी पुन्हा एकदा उठा. आजी, तुम्हीसुद्धा. खाट धरून उठलात तरी चालेल. आजची तारीख वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू.

नमस्कार.

बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गावात गेल्या वर्षभरात पडून हाड मोडलेल्या बायका किती? त्या कुठे पडल्या?
२. आपल्या घरातली कोणती जागा सगळ्यात घसरडी किंवा अंधारी आहे? ती या आठवड्यात कोण सुधारेल?
३. आपल्या गटात पिशवी काढलेल्या किती जणी आहेत? त्यांच्या हाडांची तपासणी कुठे होऊ शकेल, हे आशाताईंकडून विचारून कोण येईल?
४. सरावाचे तीन दिवस आणि वेळ कोणती ठरवायची? जोड्या कशा लावायच्या?